सुलूची काळी तलंग

माझ्या लहानपणी आमच्या घरातला दिवस कोंबडीच्या शिटेनं सुरू व्हायचा. हे वाक्य मी सुनेला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "आई, पुस्तक असं कोण सुरू करतं?" मी म्हटलं, मी करते. तुमच्या सोसायटीत सकाळ पेपरनं आणि दुधाच्या पिशवीनं सुरू होत असेल. आमची खुराड्याच्या दारानं व्हायची. दाराची फळी सरकवली की आतून आधी ऊबदार, आंबूस वास यायचा, मग लाली, मग चिंधी, मग बाकीच्या एकमेकींच्या अंगावरून उड्या टाकत अंगणात. त्या गेल्या की मी ओणवी होऊन आत डोकं घालायचे आणि रात्रभराचं सगळं नीट बघायचे. घट्ट, काळपट आणि वर चुन्याची टोपी असेल तर कोंबडी खाऊनपिऊन सुखी. हिरवी असेल तर पोटात काही नाही, दुसरीनं तिला दाण्याजवळ येऊ दिलेलं नाही. नुसतं पाणी असेल तर ऊन किंवा भीती. लाल दिसली तर धावत जाऊन सांगायचं. आणि मधूनच एखादी काकवीसारखी चिकट, तपकिरी, नाक मुरडायला लावणारी असते, तिला घाबरायचं नाही, ती चांगल्या कोंबडीलाही होतेच. हे मला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. बघून बघून आलं होतं, आणि घरात ते मलाच येत होतं.

आमचं गाव रबाळ्याच्या अलीकडं. कारखाने येऊन बसले होते, पण गावात अजून कौलं होती आणि प्रत्येक दारात कोंबड्या. सकाळी भोंगा वाजला की दादा सायकल काढायचा आणि कोंबडा त्या भोंग्याला उत्तर दिल्यासारखा आरवायचा. दोघांत कोण मोठ्यानं ओरडतो ह्यावर बाबा हसायचे. बाबांचं हसणं तेवढंच. बाकी ते खाडीवरचा माणूस, बोलायचं काम त्यांनी आयवर सोपवलं होतं, आणि आयला दिवसभर बोलायला वेळ नव्हता. तांदळाच्या भाकऱ्या, बोंबलाचं कालवण, सुकट निवडणं, विहिरीचं पाणी, शेजारच्या भानगडी. तिच्या तोंडून माझ्या वाट्याला यायचं ते "पमे, उठ", "पमे, ह्ये घे", "पमे, अजून हितंच?" एवढंच. फक्त सकाळी, खुराडं झाडून मी राख पसरली की ती मागच्या पायरीवर येऊन बसायची. हातात दोन पेले. कोरा चहा, गुळाचा, त्यात गवती चहाची पात आणि आणखी काहीतरी, जे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. मग ती माझ्याकडं बघायची आणि विचारायची, "काय गो पमे, काय सांगतान कोंबऱ्या?"

आणि मी सांगायचे. लालीची बेस हाय. चिंधीची पातल हाय, काल उनात होती. पांढरीची हिरवी हाय आय, तिना कोन खाव देत नाय. आय मान हलवायची, जणू मी कुणी वैद्य आहे. मग म्हणायची, "चहा पी." तेवढा वेळ ती फक्त माझी असायची. आठ जणांच्या राबत्यात आई अख्खी अशी मिळत नसते, तुकड्यातुकड्यानं मिळते, आणि माझा तुकडा त्या पायरीवर होता. तो मी कुणाला देणार नव्हते. आजही ते चहाचं गणित मला जमलेलं नाही. खांदेश्वरच्या ह्या फ्लॅटमध्ये मी आलं घालून बघितलं, सुंठ घालून बघितली, गूळ बदलला. नवरा म्हणतो, छान झालाय. त्याला काय कळतंय.

मग दादाचं लग्न झालं आणि सुलू आली. सुलोचना. उरणकडची, मिठागराच्या गावची. रंगानं सावळी, उंच, दात एकदम पांढरे. मी तिला वयनी म्हणायचे आणि ती मला पमीबाय. तिच्यासोबत माहेरून हंडे आले, पितळेची परात आली आणि एक काळीभोर तलंग आली. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. आमच्याकडं तशी रीतच होती. मुलीची आई तिच्यासोबत एक तलंग देते, आणि तिची पहिली पिल्लं निघेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. तिला सगळे सुनेची कोंबडी म्हणतात. ती अंड्यावर बसली, पिल्लं निघाली, की सून घरात रुजली असं बायका समजायच्या. आणि कधी काही कारणानं ती तलंग माहेरी परत पाठवली, तर त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नसे. अशी कोंबडी परत गेल्याचं मी एकदाच ऐकलं होतं, वरच्या आळीत, आणि त्या घरची सून पुढं वर्षभर विहिरीवर मान वर करून बोलली नव्हती.

मला वयनी आवडली नाही. उगाच चांगुलपणा करून काय सांगू? पहिल्या दिवशी आवडली होती, तिनं मला तिच्या बांगड्यांतल्या दोन दिल्या म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुराड्यातून डोकं बाहेर काढलं तर ती अंगणात उकिडवी बसली होती आणि माझी लाली तिच्या मांडीवर चढून बसली होती. माझ्या मांडीवर लाली कधी बसली नव्हती. मी तिला पिल्लू असल्यापासून वाढवलं, घारीच्या तोंडातून सोडवलं, आणि ही भवानी कालच्या पाहुणीच्या मांडीवर डोळे मिटून. वयनी तोंडानं एक बारीक आवाज काढायची, जीभ टाळूला लावून, आणि सगळ्या कोंबड्या मिळेल त्या वाटेनं धावत यायच्या. मी तो आवाज परसातल्या चिंचेखाली जाऊन किती दिवस काढून बघितला. एकदा शेजारची गाय वळून बघायला लागली, कोंबडी एक आली नाही.

हे मी सोसलं असतं. भाकरी तिची पातळ व्हायची, तेही सोसलं असतं. पण एका सकाळी आय दोन पेले घेऊन पायरीवर आली, तेव्हा वयनी तिथं केर काढत होती. मी सांगायला सुरुवात केली. आय, सगल्यांची बेस हाय, पन एक चिकट हाय, तपकिरी... आणि मी पुढं तोंड उघडायच्या आत वयनी केरसुणी टेकवून म्हणाली, "ती काय नाय आय. ती पोटाच्या खालच्या पिशवीतली अस्ते. चांगल्या कोंबरीला पन होते." आयनं तिच्याकडं वळून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी त्यापूर्वी फक्त माझ्यासाठी बघितलं होतं. "तुना ठाव हाय ह्ये?" आय म्हणाली. "आमच्याकरं मीच बगायची," वयनी म्हणाली, आणि लाजून हसली. मला ते लाजणंसुद्धा खोटं वाटलं. दुसऱ्या दिवशी आयच्या हातात तीन पेले होते. मला वाटलं, चला, तीन तर तीन. पण बोलणं दोघींचंच चाललं होतं, तिच्या माहेरच्या कोंबड्या, तिच्या आईची खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची पद्धत, आणि मी मधे काही म्हटलं की आय म्हणायची, "पमे, शालंला उशीर व्हईल." शाळेला उशीर! इतकी वर्षं मला शाळेला उशीर होत नव्हता.

मत्सर पोटात असतो असं लोक म्हणतात, माझ्या तो घशात असायचा. घास गिळताना कळायचा. वयनीनं केलेलं कालवण चांगलं झालं की दादा बोटं चाटायचा आणि मी मुद्दाम मीठ मागून घ्यायचे, कमी नसलं तरी. आय एकदा म्हणाली, "पमे, तुझ्या जिभेला काय झालाय?" मी म्हटलं, काय नाय. वयनीनं मिठाची बरणी माझ्याकडं सरकवली, हसत. ती नेहमी हसायची. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

लग्नाला काही महिने झाले असतील, तेव्हा तिच्या माहेरून मोठी टोपली आली. बांगडे, करंदी, मांदेली, सगळं सुकवलेलं, एकावर एक थर लावून, वरून सागाची पानं. आय हरखून गेली. आळीतल्या बायकांना वानगी गेली, माळ्यावर मडकी भरली. टोपलीच्या तळाशी राहिलेला चुरा, डोकी, शेपट्या आयनं एका डब्यात भरून ठेवल्या, कोंबड्यांसाठी. हे आमच्याकडं सगळेच करायचे. सुकटीचा चुरा घातला की अंडी वाढतात, हे आमच्या गावात बारशाच्या पोरालाही ठाऊक. रोज दुपारी वयनी विहिरीवर गेली की आय मूठ मूठ चुरा अंगणात फेकायची आणि कोंबड्या त्यावर तुटून पडायच्या. सगळ्यांत पुढं काळी तलंग. तिला खायची भारी घाई.

दोन दिवसांत काळीची शीट पाण्यासारखी झाली. मी पहिल्या सकाळी बघितलं आणि सांगितलं. "कालीची नुस्ता पानी हाय, आय." त्यात माझं काही वाकडं नव्हतं, जे होतं ते सांगितलं. वयनीनं ताकात भात कालवून तिला घातला. तिसऱ्या दिवशी चिंधीला तेच. मग पांढरीला. मग सगळ्यांना. खुराड्याची जमीन सकाळी अशी ओली असायची की राखेचा चिखल व्हायचा. पंख गळालेले, तुरे फिके, आणि पाण्याच्या परळाभोवती सारखी गर्दी. भरला परळ की रिकामा. मग लाली मान टाकायला लागली. मी तिला परकरात गुंडाळून चुलीजवळ घेऊन बसले, वयनीनं हळद-लसणीची गोळी करून दिली, ती मी घेतली, पण तिच्या हातून भरवू दिली नाही. लाली माझ्या मांडीवर पहिल्यांदा आणि शेवटची बसली. संध्याकाळी ती गेली. मी रडले नाही. मला एवढा राग आला होता की रडायला जागाच नव्हती.

गावात दोन वर्षांपूर्वी कोंबड्यांची मर येऊन गेली होती, खुराडीच्या खुराडी रिकामी झाली होती. त्यामुळे शेजारची एक म्हातारी कुंपणावरून डोकावली आणि म्हणाली, "पयली कोनाला लागली?" आयनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "कालीला." म्हातारी म्हणाली, "म्हंजे भायेरशी आयली." आणि गेली. एवढंच. पण संध्याकाळपर्यंत ते वाक्य घरात सगळीकडं फिरत होतं, कुणी न बोलता. आयनं काळीला वेगळं काढलं, परसाच्या कोपऱ्यात डाल्याखाली झाकून ठेवलं, तांदळाची कणी आणि पाणी वेगळं. रात्री जेवताना दादाला म्हणाली, "रईवारी कालीला तिच्या गावी सोरून ये. हितं सगल्या जातील." दादाचा घास हातात राहिला. वयनी चुलीकडं तोंड करून भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही, पण ती भाकरी तिनं इतकी थापली, इतकी थापली, की मधे फाटली. मी बघितलं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, हे लिहूनच ठेवते.

सकाळी पायरीवर पुन्हा दोनच पेले आले. वयनी आतच होती. आयनं विचारलं, "काय सांगतान कोंबऱ्या?" आणि मी सांगितलं, माझं जुनं राज्य मला परत मिळालं होतं. फक्त आय ऐकत नव्हती. तिचं लक्ष घराच्या दाराकडं होतं.

रविवार आला. दादा आंघोळ करून तयार, हातात सुतळी, काळीचे पाय बांधायला. मी खुराडं झाडून झालं तशी कोपऱ्यातल्या डाल्याकडं गेले. डालं उचललं की तिथलंही झाडायचं, ते माझंच काम होतं. दादानं काळीला धरली आणि मी खाली बघितलं. घट्ट. काळपट. वर चुन्याची पांढरी टोपी. एक नाही, सगळ्या तशाच, नीट, जणू मला दाखवायला मांडून ठेवल्या होत्या. मी पुन्हा खुराड्याशी गेले. तिथं पाणीच पाणी. परत डाल्याशी आले. मर आणलेली कोंबडी बरी आणि बाकीच्या अजून आजारी? कणी खाणारी बरी, आणि... मी अंगणाच्या त्या कडेला गेले जिथं आय रोज चुरा फेकायची. पाट्याच्या खाचेत थोडा अडकलेला होता. चिमूट घेतली आणि जिभेवर ठेवली.

खारट. साधी खारट नाही, तोंड वाकडं व्हावं अशी. नुसतं मीठ.

आमच्याकडं सुकट वाळूवर, उन्हात सुकवतात, मीठ लावत नाहीत. ती मिठागराची माणसं. त्यांच्याकडं मिठाला काय तोटा? मासळी मिठात घोळूनच सुकवायची, घरात धुऊन मग रांधायची. ते मीठ तळाशी सुटून चुऱ्यात उतरलं होतं, आणि आमची आय आपल्या सवयीनं मुठी भरभरून ते कोंबड्यांना घालत होती. वयनीच्या माहेरी कोंबड्यांना चुरा घालायची पद्धत नव्हती, कोंडा घालायचे, आणि आय चुरा फेकायची तेव्हा ती विहिरीवर असायची. तिला कळणार कसं?

आता वाचणाऱ्याला वाटेल, मला वयनीची दया आली. नाही आली. खरं सांगते, मला तिची दया आली नाही. मला एवढंच वाटलं की हे सगळं माझ्या सांगण्यावरून चाललंय, आणि ते चुकीचं आहे. शीट मी वाचते. ह्या घरात ते माझं आहे. उद्या कुणी म्हणेल, पमीनं चुकीचं सांगितलं. ते मला चाललं नसतं, त्यापेक्षा वयनी राहिलेली परवडली. मी ओरडले, "दादा, थांब! आय, हितं ये!" आय पदराला हात पुसत आली. "काय झाला?" मी तिला डाल्याखालचं दाखवलं. मग खुराडं दाखवलं. मग चुरा तिच्या तळहातावर ठेवला. ती माझ्याकडं बघत राहिली. "खा," मी म्हटलं. आयनं चाटलं. तिचा चेहरा वाकडा झाला आणि मग हळूहळू पांढरा पडला.

"मीच घालत व्हते," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कुणास ठाऊक. दादा सुतळी धरून उभा. आय तशीच घरात गेली. मी मागोमाग. वयनी कोपऱ्यात आपली पितळेची परात घासत बसली होती, घासून घासून तिच्यात तोंड दिसत होतं. आय तिच्यासमोर जमिनीवर बसली, सासूनं सुनेसमोर बसू नये तशी, आणि तिचे राखेचे हात धरले. "सुलू, ऊठ गो. तुझ्या कोंबरीनी काय केला नाय. माझ्या हातानी झाला." एकाएकी वयनीचा बांध फुटला आणि ती आयच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली, आणि आय तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "माझी बाय ती, माझी बाय ती." मी दारात उभी. शोध माझा. जीभ माझी. अजून खारटच होती. आणि "माझी बाय" ती.

कोंबड्या सुधारल्या. थोडं थोडं साधं पाणी पाजायचं, एकदम नाही, चुरा बंद, कणी आणि ताकभात. आठवड्याभरात खुराड्यातली राख पुन्हा कोरडी राहायला लागली. आयनं आल्यागेल्याला सांगितलं, "आमच्या पमीनी धरला." पण त्या दिवसापासून पायरीवर, जिथं मी बसायचे त्या जागी, वयनी बसायला लागली. आयला तिचं काहीतरी फेडायचं होतं आणि ते ती रोज सकाळी फेडत राहिली. माझा पेला असायचा, खालच्या पायरीवर. मी तो उचलून उभ्यानं प्यायचे आणि शाळेला जायचे, उशीर न करता. पुढं काळी अंड्यांवर बसली, पिल्लं निघाली, ती सगळी काळी. गावभर मग काळ्या कोंबड्या दिसायला लागल्या. मला त्या कधी आवडल्या नाहीत.

माझं लग्न झालं, मी इकडं आले. गावात कौलांच्या जागी चार मजले उभे राहिले. आयच्या शेवटच्या वर्षांत मी महिन्यातून एकदा दुपारची जायचे, पिशवीत फळं घेऊन, पाहुण्यासारखी; आय तेव्हा बहुतेक झोपेत असायची. वयनी तिचं सगळं करायची, न्हाऊमाखू घालण्यापासून. लोक मला म्हणायचे, किती नशीबवान, अशी वहिनी मिळाली. मी हो म्हणायचे. आय गेली तेव्हा मी पोचले तर सगळं झालं होतं. तिच्याजवळ कोण होतं? वयनी.

आता वयनीनं गच्चीवर चार कोंबड्या ठेवल्या आहेत, काळ्याच, आणि रोज सकाळी माझ्या मोबाईलवर फोटो येतो. शिटेचा. खाली लिहिलेलं, "पमीबाय, ही कशी वाटते?" माझा नातू एकदा नाष्टा करताना तो फोटो बघून टेबलावरून उठला. मी चष्मा लावून बघते आणि उत्तर पाठवते. पाणी बदल. पालेभाजी कमी कर. ही बेस हाय, गप्प बस. मला वाटायचं, ही मला खूश करायला विचारते, तिला काय कळत नाही का? हे मी मनात धरून होते.

मागच्या महिन्यात गेले होते. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत दोघी बसलो. गुडघे दोघींचे दुखतात. मी तिला तोंडावर विचारलं, "वयनी, तुना सगला येता, मग मना रोज कशाला विचारतंस?" ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. हात थांबला नाही तिचा.

"सवय झाली," ती म्हणाली. "आय शेवटी शेवटी मना वलखत नव्हती ना. तुना सांगितला नाय कवा. रोज सकाली उठली की मना हाक मारायची, पमे. मी जवल गेली की विचारायची, काय गो पमे, काय सांगतान कोंबऱ्या? पयले पयले मी सांगायची, आय, मी सुलू. तर ती रुसायची. तोंड फिरवायची. चहा घ्यायची नाय. मग मी पमीच झाली."

मी पायाशी आलेल्या एका कोंबडीला हाकललं.

"तीन वर्सा," ती म्हणाली, आणि आता तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे कोरडे होते, पण आवाज तसा नव्हता. "तिचा हागनामुतना मी काढला पमीबाय, आनि हाक तुझ्या नावाची. कवा कवा असा राग यायचा तुझा. वाटायचा, एकदा तरी सुलू म्हन गो. नाय म्हनाली."

खाली रस्त्यावर रिक्षा हॉर्न वाजवत होती. इतकी वर्षं मला वाटत होतं की घशातलं ते दुखणं मला एकटीलाच आहे.

"मग तू काय सांगायची तिना?" मी विचारलं.

"काय सांगू? कोंबऱ्या तवा ठेवल्या कुठं व्हत्या. मी सांगायची, आय, सगल्यांची बेस हाय. लालीची पन बेस हाय. मग ती खूश व्हायची. आनि म्हनायची, पमे, चहा पी."

"आनि तू प्यायचीस?"

"मग? ती बघत बसायची ना. पेला रिकामा झाल्याबिगर सोरायची नाय."

म्हणजे तीन वर्षं माझ्या नावाचा चहा ही पीत होती. आयच्या समोर बसून, तिच्या डोळ्यांदेखत. आणि मी इकडं गूळ बदलून बघत होते. मी म्हटलं, "दे मग माझा चहा. ऊठ." ती हसली, तेच पांढरे दात, आता दोन कमी. जिन्याच्या कठड्याला धरून खाली गेली. बऱ्याच वेळानं दोन पेले घेऊन वर आली, जिन्याशी वाट बघणाऱ्या माझ्या हातात एक दिला आणि धापा टाकत बाजूला बसली, त्याच जिन्याच्या वरच्या पायरीवर. मी खालच्या पायरीवर सरकणार होते, सवयीनं. तिनं माझा पदर ओढून मला शेजारी बसवलं.

मी घोट घेतला. चहा हुबेहूब आयच्या चहासारखा झाला होता. कसा केलास म्हणून मी तिला विचारलं नाही. मला त्या चवीचाच सगळ्यात जास्त राग आला, आणि मी पेला रिकामा केला.